गोखलेनगरच्या काकूंना, कादंबरी छापून आल्यावर

ती. काकूंना सा. न.

कादंबरी एकदाची छापून आली. आभाराच्या पानावर तुमचं नाव घालायची फार इच्छा होती, पण "नाव छापलंस तर घरात घेणार नाही" अशी तंबीच दिली होतीत. म्हणून हे पत्र. नाव न घेता, पण चारचौघांत.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मुक्ता आणि अनिरुद्ध कॉलेजपासूनचे मित्र. मुक्ताचे बाबा जातात. घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेतून कळतं की दोघांच्याही आज्या पुण्याच्या नारायण पेठेतल्या एकाच वाड्यातल्या, पानशेतच्या पुरात घर गेलेल्या. पुढे या मैत्रीचं काय होतं ते वाचणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेलच.

पुराची माहिती ग्रंथालयात मिळते. १२ जुलै १९६१, आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, लकडी पूल पाण्याखाली. तुम्ही सांगितलंत ते पाणी ओसरल्यानंतरचं. माजघरात गुडघाभर गाळ, त्यात तुमची आई हात घालून चाचपडतेय आणि सगळ्यात आधी शोधतेय पोळपाट. देव नंतर! "संध्याकाळी पोरांना खायला काय घालू, हाच घोर होता तिला," असं तुम्ही अगदी सहज म्हणालात आणि लसूण सोलत राहिलात. मुक्ताची आजी मला त्या क्षणी सापडली.

धरणंच गेल्यामुळे नळ कोरडे पडले. नुकतंच बुडालेलं गाव प्यायच्या पाण्यासाठी विहिरींवर आणि पेशवाईतल्या हौदांवर आलं. तिथल्या रांगेत तुमच्यामागे काका उभे असायचे. त्यांची आजी पुरात गेली होती. त्याबद्दल ते चकार शब्द काढायचे नाहीत, फक्त तुमची भरलेली कळशी उचलून द्यायचे. पुढे पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल घरांत, निसेन हटमध्येही तुम्ही शेजारी शेजारी. कितीतरी वर्षं नुसती मैत्री. "लग्न ठरलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही, आम्हा दोघांना सोडून," हे तुमचं वाक्य मी उचललंय. परवानगी तुम्ही दिली होतीत, आता फिरवू नका.

अजून एका गोष्टीचं श्रेय तुमचं. "तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं गं. चौदाव्या दिवशी कोण येतं ते बघ," म्हणाला होतात. काका गेल्यानंतरचं बोलत होतात, हे मला घरी गेल्यावर उमगलं. माझा अनिरुद्ध चौदाव्या दिवशी येतो. सांत्वन वगैरे त्याला जमत नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढतो, बँकेचे फॉर्म भरतो, वीजबिलावरचं नाव बदलायला मुक्तासोबत रांगेत उभा राहतो. प्रेमाची कबुली पुस्तकात खूप उशिरा येते. संपादकांना ती आधी हवी होती. मी ऐकलं नाही, कारण माझ्या लेखी ती या रांगेतच होऊन गेली होती.

आणि हो, काकांच्या पत्रांबद्दल जे सांगितलंत, त्यातलं एक अक्षरही छापलेलं नाही. ते आपल्या दोघींतच.

रविवारी दुपारी पुस्तक घेऊन येते. डोळ्यांना त्रास नको, मीच वाचून दाखवेन. मुखपृष्ठावर चित्रकारानं वाड्याला भलताच झोकदार सज्जा काढलाय, तो बघून मात्र हसायचं नाही.

तुमची,
पाहुणी म्हणून आलेली आणि जेवून जाणारी