पिल्माँची रेषा

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार. तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत. पत्राचे कारण वेगळे आहे आणि ते तुझ्यावाचून कोणाला सांगून कळणार नाही.

परवा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात झाँ पिल्माँची चिनी धाटणीची एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेली चित्रे, पाहिली. फुलाच्या देठावर गळ टाकून बसलेली माणसे, सुतळीइतक्या बारीक खांबांवरचे मंडप, छत्र्या, घंटा. कशालाही वजन नाही. फ्रान्समधल्या लियाँच्या या चित्रकाराने (१७२८–१८०८) चीन कधी पाहिला नव्हता. त्याच्या शंभर वर्षे आधी डच शिष्टमंडळाबरोबर पेकिंगला गेलेल्या योहान न्यूहॉफच्या १६६५ च्या ग्रंथातून युरोपातल्या कारागिरांनी नानकिंगचा चिनीमातीचा मनोरा उचलला, तेव्हा निदान कोणीतरी तो डोळ्यांनी पाहिलेला होता. पिल्माँने तोही भार टाकून दिला, आणि म्हणूनच त्याची रेषा इतकी मोकळी झाली. माझी अडचण इथेच सुरू होते.

लंडनमध्ये १७६० च्या सुमारास निघालेल्या 'द लेडीज अम्यूझमेंट' या पुस्तकात त्याची चित्रे आहेत. रंगवावीत, कापावीत, पेटीवर चिकटवून वर व्हर्निशचे हात द्यावेत, यासाठीच छापलेली. तिथे सूचना आहे की हिंदुस्थानी आणि चिनी विषयांत जास्त मोकळीक घ्यावी, कारण त्यांत औचित्यापेक्षा कल्पनाविलास शोभतो; फुलपाखराने हत्ती पेलला तरी चालतो. हिंदुस्थानीसुद्धा, विनय! सरांच्या वर्गातले आपले भांडण लगेच आठवले. नक्षी तिच्या नावागावासकट शिकावी, असे तू म्हणायचास. रेषेला गाव नसते, असे मी.

जूनमध्ये ही पाने विद्यार्थ्यांसमोर ठेवायची आहेत. नुसती रेषा दाखवली तर मुले तिच्या प्रेमात पडतील, आणि पडावीच. पण ज्यांच्या नावावर ही नक्षी खपली, त्यांच्याविषयी काहीच जाणून न घेण्याची सवलत तिच्या मोकळेपणाच्या मुळाशी आहे, हे आधीच सांगितले तर तिच्याकडे कोणी डोळे भरून पाहील का? आधी चित्र आणि मग ती सूचना, असा क्रम मला योग्य वाटतो. मंदाला नेमका उलटा. तू इथे असतास तर तिघे रात्रभर भांडलो असतो आणि चहाचे पैसे नेहमीप्रमाणे तू बुडवले असतेस.

चिरंजीवांच्या निकालाचे कळले, फार आनंद झाला. नवे घर लाभो. आईंना नमस्कार सांग. क्रम कोणता ठेवू, हे मात्र सविस्तर लिही. मंदाला तुझे पत्र दाखवणार आहे.

तुझा,
श्रीधर