आधी गहू खायला लावलात, म्हणून

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम लिहितेय. जी गोष्ट तुम्ही मला वेळेवर सांगितलीत, ती आणखी कुणाच्या तरी वेळेवर कानावर पडावी एवढीच इच्छा आहे.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा गहू सोडून मला अकरा दिवस झाले होते. कुणीतरी सांगितलं, मी सोडला आणि खरंच पोट जरा हलकं वाटायला लागलं. तुम्ही आहारतज्ज्ञ, तेव्हा आता काय खायचं त्याचा तक्ता मिळेल अशा तयारीने मी वही-पेन घेऊन बसले होते. तुम्ही एकच विचारलंत, "सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी झालीय?" मी नाही म्हटलं. (सिलिअ‍ॅक म्हणजे ग्लूटेन खाल्लं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं तो आजार; ग्लूटेन हे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन.) तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "मग उद्यापासून परत गहू सुरू करा."

मला तिथेच रडू आलं. सात वर्षं जुलाब, पोट फुगणं, दर महिन्याला तोंड येणं. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नव्हतं. आधीच्या एका ठिकाणी तर मला चक्क सांगितलं होतं की हे सगळं तुमच्या मनात आहे. आता कुठे अकरा दिवस बरे गेले होते आणि तुम्ही मला मागे फिरायला सांगत होता.

पण तुम्ही घाई केली नाहीत. समजावून सांगितलंत की ग्लूटेन पोटात जात असतं तेव्हाच या आजाराची अँटिबॉडी रक्तात दिसते. खाणं बंद केलं की ती हळूहळू उतरते, आतड्यालाही भरून यायला सुरुवात होते आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. मग माणूस आयुष्यभर अंदाजाने पथ्य पाळतो, किंवा "थोडंसं चालतं" म्हणत मोडतो. किमान 6 आठवडे, दिवसातून एकाहून जास्त जेवणांत गहू, आणि मग तपासणी. शिवाय चिठ्ठीवर टीटीजी, म्हणजे याच अँटिबॉडीची तपासणी, तिच्या खाली तुम्ही एकूण आयजीएसुद्धा लिहिलंत, कारण ही अँटिबॉडी आयजीए प्रकारची असते, काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग ही तपासणी फसवते. माझ्यासमोरच पोटविकारतज्ज्ञांना फोन लावून सगळं त्यांच्या कानावर घातलंत.

ते सहा आठवडे मी तुमच्या फोनवर काढले. दर गुरुवारी संध्याकाळी फोन यायचा. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, आता नाही होत. तेव्हा तुम्ही मला विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांची हकीकत सांगितलीत. गव्हाबद्दलचा संशय त्यांना 1930 च्या दशकातच आला होता. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, सगळीकडे उपासमार. आणि त्यांच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. "त्यांना गहू जाऊन परत यावा लागला, तेव्हा कळलं," तुम्ही म्हणालात. "तुमचंही तेच चाललंय, फक्त तुमच्यावर लक्ष ठेवायला मी आहे." त्या रात्री मी न कुरकुरता पाव खाल्ला.

रिपोर्ट आला तेव्हा टीटीजी मर्यादेच्या कितीतरी पट वर होतं. दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेतले, त्यात आजार पक्का झाला. आतड्याचं आतलं अस्तर दाखवायला तुम्ही कागदावर दोन टॉवेल काढलेत, एक लव असलेला आणि एक झिजून सपाट झालेला. लोहाच्या गोळ्या का लागत नव्हत्या ते मला सात वर्षांत पहिल्यांदा समजलं. शोषून घ्यायला तिथे काही उरलंच नव्हतं. दूधही का बाधत होतं, तेही त्याच चित्रावर दाखवलंत. दूध पचवणारं एन्झाइम त्या लवेच्या टोकांवरच असतं. लव परत आली की दूधही परत येईल म्हणालात, आणि सातव्या महिन्यात ते आलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. गहू, बार्ली आणि राय बंद, तांदूळ आणि मका चालतो, हे तर कुठेही वाचायला मिळतं. तुम्ही मला घरी जाऊन टोस्टर पांढऱ्या कागदावर उलटा करायला सांगितलंत. मी केला. मूठभर चुरा पडला, काळपट, काही कण पिठासारखे बारीक. फोटो पाठवल्यावर तुमचं उत्तर आलं, "ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. आता या चुऱ्याकडे बघा." मग लाकडी डाव गेला, जुनी चाळणी गेली, लोण्याचा वेगळा डबा आला, कारण पावावर फिरलेली सुरी त्याच डब्यात जात होती. गव्हाचा हात लागलेलं म्हणजे काय, ते त्या चुऱ्याने मला शिकवलं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, माल्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्ली, आणि पाकिटावर "गहू नाही" असं लिहिलं म्हणजे ते ग्लूटेनमुक्त झालं असं नाही, हे आता घरातली लहान मुलंसुद्धा सांगतात.

चौथ्या महिन्यात एका लग्नात मी सूप प्यायले. ते मैद्याने दाट केलेलं होतं. दोन दिवस अंथरुणात काढले आणि वहीत लिहिलं, "पथ्य मोडलं." वही बघताना तुम्ही ती ओळ खोडलीत आणि वर लिहिलंत, "पोटात गहू गेला. कशातून? किती?" मला रागवाल असं वाटलं होतं. आजारी माणसाला किती वेळा दोषी ठरवलं जातं हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही ती एक ओळ तशी राहू दिली नाहीत. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

आणि माझ्या भावासाठी तुमचे वेगळे आभार. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहांतल्या एकाला हा आजार निघू शकतो, असं सांगून तुम्ही सगळ्यांची तपासणी करायला लावलीत. भावाच्या पोटाची कधीच तक्रार नव्हती, फक्त थकवा आणि कमी रक्त. त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तपासणीआधी त्याने गहू सोडला नव्हता, कारण मी त्याला सोडू दिला नाही. तुमचेच शब्द वापरले.

माझं हिमोग्लोबिन आता साडेबारा आहे. टीटीजी पूर्ण उतरायला जवळजवळ वर्ष लागलं. जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सांगितली आहे. रिपोर्ट घेऊन येते, वहीही आणते. शुद्ध, म्हणजे गव्हाचा हात न लागलेले, ओट्स सुरू करायचे की नाही ते तुम्हाला विचारायचं आहे, तोवर हात लावत नाही.

तुमची,
अकरा दिवस गहू सोडून आलेली पेशंट