पुरंदरच्या अंजीरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

यंदा परसातल्या अंजिराची पहिली पाटी भरली. दोन फळं देवापुढे ठेवली, तिसरं हातात घेतलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या झाडासाठी तुम्ही एवढ्या खेपा घातल्यात, पण चहाशिवाय कशाला हात लावला नाहीत. निदान चार माणसांसमोर तुमचे आभार मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

दिवे घाट चढून गेल्यावर रस्त्याकडेला तुमच्याकडून अंजीर घेताना मी माझ्या झाडाचं दुखणं सांगितलं होतं. तीन वर्षांचं झाड, सरळसोट वाढलेलं, पानांवर तांबेरा, फळं सुपारीएवढी होऊन गळणारी. रोपवाटिकेत कुणी तरी ‘शेजारी नर झाड लावा’ म्हणालं होतं. तुम्ही मान हलवलीत. ‘पुना’ जातीच्या अंजिराला नराची गरज नसते, एवढं सांगून तुम्ही पाटीतलं एक अंजीर उभं चिरलंत आणि आतले गुलाबी धागे दाखवलेत. “ही सगळी फुलंच. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, ते याच्यासारखं आत लपलेलं असतं.”

मग जुलैत मार्केट यार्डात माल उतरवून तुम्ही थेट घरी आलात. आळ्यात पाणी साचलेलं. “ताई, झाड उपाशी नाही, बुडालंय.” भर पावसात चर काढून तुम्ही पाणी बाहेर काढलंत, काळी माती उकरून मुरूम भरायला लावलात. मी बिचाऱ्या झाडाला रोज पाणी घालत होते.

त्याच दिवशी तुम्ही नवी फांदी फुटावी म्हणून खाच पाडायला शिकवलंत. निजलेल्या, म्हणजे अजून न फुटलेल्या डोळ्याच्या बरोब्बर वर, चाकूच्या टोकानं, सालीचा बोटाच्या पेराएवढा तिरका तुकडा. पांढरा चीक ओघळला, तो हाताला लागू नये म्हणून तुम्ही माझ्या हातात फडकं दिलंत. काही आठवड्यांनी त्या डोळ्यातून हिरवं टोक बाहेर आलं, ते मी घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवलं.

ऑक्टोबरात छाटणीला आलात, तेव्हा मात्र मी तुमची कात्री धरून अडवली. एवढ्या कष्टानं वाढलेल्या फांद्या! तुम्ही रागावला नाहीत. “फळ नव्या फुटीवर येतं. जुनं लाकूड जपून काय करणार?” छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप लावलात, खाली पडलेली तांबेऱ्याची पानं एकूण एक गोळा करून जाळायला लावलीत, मग शेणखत आणि पाणी. घरच्या झाडाला मीठा बहारच, म्हणजे पावसाळ्यानंतर धरून उन्हाळ्याच्या तोंडी येणारं पीकच धरा, पावसाची कटकट नाही, असं बजावून गेलात.

मार्चमध्ये फळांना जांभळी झाक आली. मान वाकेपर्यंत तोडायचं नाही, तोडल्यावर अंजीर गोड होत नाही, हे तुमचं वाक्य मी मुलांकडून पाठ करून घेतलंय. बुलबुलांसाठी जाळी लावली, तरी वरची दोन-चार त्यांनी खाल्लीच. खाऊ देत.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं श्रेय तुमच्यासारख्या हातांना आहे, असं मला मनापासून वाटतं.

सीताफळाची फुलं अजून गळतात. उमललेल्या फुलातले पराग ब्रशनं अर्धवट उघडलेल्या फुलात लावायचे, हे तुम्ही सांगितलेलं यंदा पहाटे उठून करणार आहे. नवी रोपं करायला अंजिराच्या फांद्यांवर दोन गुट्या बांधल्यात, एक शेजारच्या आजींना द्यायची आहे. काकूंसाठी अंजिराच्या वड्या डब्यात भरून ठेवल्यात. पुढच्या वेळी यार्डात आलात की चहाला नव्हे, जेवायलाच या.

आपली,
परसातली ताई