किल्ली बदलल्ये, घाबरू नकोस

वेळणेश्वर, ता. गुहागर
श्रावण वद्य नवमी

प्रिय सुहास,

सव्वा वर्षांनी पत्र, तेही कागदावर. फोन करता आला असता, पण फोनवर तू आधी ओरडशील, आणि नव्या सर्टिफिकेटच्या ठशाची ६४ अक्षरं फोनवर सांगत कोण बसणार? आईचे गुडघे तसेच, मी बरा, मोती गेला.

तर, माझी किल्ली गेली. आपल्या जेमिनीच्या सर्व्हरची (गूगलचं एआय नव्हे, वेबहून वेगळी ती नुसत्या मजकुराच्या पानांची साधी व्यवस्था). आषाढात तीन दिवस लाइटचा लपंडाव चालला होता. तिसऱ्या रात्री पाच-सहा वेळा आली नि गेली, आणि सकाळी रास्पबेरी पायचं, म्हणजे ज्या चिमुकल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालतो त्याचं, मेमरी कार्ड उघडेचना. पानं शाबूत आहेत. आप्पांच्या वह्यांतलं जे जे टाइप केलं ते लॅपटॉपवर असतंच. सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, गुप्त किल्ली मात्र त्या कार्डावर एकटीच होती. हो, माहीत्ये. 'पेन ड्राइव्हवर घाल आणि तांदळाच्या डब्यात ठेव' हे तू सांगितलं होतंस, आणि आई त्या डब्यात बोरिक पावडर घालते असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं होतं.

नवं कार्ड, नवी किल्ली, नवं सर्टिफिकेट. अर्ध्या तासात सगळं उभं राहिलं, आणि मग मला घाम फुटला. तूच मला मासेवालीचं उदाहरण देऊन समजावलं होतंस ना? पहिल्या दिवशी ओळख करून घ्यायची, पुढे रोज तोंड बघून मासे घ्यायचे. टोपली तीच पण बाई भलतीच आली, तर आधी विचारायचं. आता १९६५ पोर्टवर, म्हणजे जेमिनीच्या नेहमीच्या दारावर, टोपली तीच आहे आणि बाई भलतीच. जुन्या माणसाचा ब्राउझर ओरडणार, ओरडायलाच हवं. मध्ये कोणी तिसराच येऊन बसला असता तरी अगदी असंच दिसलं असतं.

तू म्हणशील, तुझ्याकडे येतं कोण? तेच सांगतोय. घरचं नेट केबलवाल्याचं, बाहेरचा पत्ता साऱ्या वाडीत वाटून दिलेला. म्हणून भाड्याच्या सर्व्हरवरून बोगदा काढलाय, तो आलेलं नुसतं पुढे ढकलतो. त्यामुळे लॉगमध्ये सगळ्यांचा पत्ता त्या भाड्याच्या सर्व्हरचाच. कोण आलं ते कळत नाही. कधी आलं आणि काय मागितलं, एवढंच.

तर दर शनिवारी रात्री दीडच्या सुमारास कोणीतरी एकच पान उघडायचं. भरतीचं. आप्पांचं ते तिथीच्या पाऊणपटीचं गणित आहे ना, तेच. (आज नवमी, नवाची पाऊणपट, म्हणजे पावणेसातला भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, हे त्यांनी समासात लिहून ठेवलंय.) कोड २०, म्हणजे सगळं ठीक, पान गेलं, विषय संपला. चौदा महिने असं चाललं होतं. किल्ली बदलल्यावरच्या पहिल्या शनिवारी जोडणी झाली आणि काही न मागताच तुटली. पुढच्या शनिवारी तेवढंही नाही. त्यानंतर कोणीच नाही.

तूच ना तो? पुण्यात बसून रात्री दीडला भरती बघणारा दुसरा गाढव माझ्या ओळखीत नाही.

गणपतीत ओटीवर किती भांडला होतास! 'सरळ वेबसाइट कर, फोटो टाक, चार माणसं बघतील.' चार माणसं नकोत म्हटल्यावर म्हणालास, मग गोफरवरच जा की, तसलीच पण १९९१ सालची जुनी व्यवस्था आहे, ७० नंबरच्या पोर्टला आणखीच शुकशुकाट. काकू मोदक घेऊन आली म्हणून वाचलास. एका बाबतीत मात्र तुझं खरं होतं, लिहून देतो. फाइलचं नाव देवनागरीत 'भरती' ठेवायचा हट्ट मी सोडला. पत्त्यात त्या चार चिन्हांची, एकेकाची नऊ अशी, ३६ अक्षरं होतात, आणि सगळा पत्ता १०२४ बाइटांत बसवायचा. आप्पांची शीर्षकं तुला माहीत आहेत. एकेक म्हणजे अर्धा परिच्छेद.

आप्पांच्या तेराव्याला आला नाहीस तेव्हा मी बोललो ते बोललो. ते पान उघडायला लागलं ते त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून, हे परवा तारखा लावून बघेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नोकरी बदललीस असं कळलं, छान. मनूची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

नव्या सर्टिफिकेटचा ठसा मागच्या पानावर लिहिलाय, चार-चार अक्षरांचे सोळा गट पाडून. एकेक ताडून बघ, जुळला तरच हो म्हण. माझा ६ आणि रोमन बी सारखेच दिसतात हे दहावीपासून ऐकवतोयस, म्हणून बीखाली रेघ मारल्ये.

तुझा,
मंग्या