ओंकार, गाडी बुक करायच्या आधी हे वाच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू दोन्ही गाड्यांचं सांगत होतास आणि मधेच पिल्लू रडायलं म्हणून बोलणं अर्धवट राहिलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे. रात्री बारा वाजता उठून वहीत हिशोब मांडला, पप्पा म्हणले झोप आता, पोरगा मोठा झालाय, त्याचं तो बघून घेईल. बघशील रे, पण एकतीस वर्षं वीज ऑफिसात बिलिंगला काढलेत मी, युनिटचा विषय निघाला की गप्प बसवत नाही मला. म्हणून निवांत टाईप करायलेय, तू पण निवांतच वाच, ड्युटीवर असताना नको.

तुझ्यापुढं टोयोटाची प्रियस आहे, साधी हायब्रिड घ्यायची का प्लग लावून चार्ज करायची प्लग-इन हायब्रिड. तुझा मित्र प्लग-इनच घे म्हणतोय, शोरूमवाला पण तेच म्हणतोय, आणि तू म्हणलास की आई, दोन्हीत पेट्रोल पण आहे आणि बॅटरी पण, मग जास्तीची मोठी बॅटरी मिळायली तर का सोडायची. मला पण आधी तसंच वाटलं होतं. पण मग मी बॅटरीचा आकडा बघितला. साध्या प्रियसच्या बॅटरीत एक युनिट वीजसुद्धा बसत नाही, आणि प्लग-इनच्या बॅटरीत 13.6 युनिट बसते. म्हणजे एक तांब्या आणि एक घागर. तांब्या लहान आहे पण तो सारखा भरत असतो, तू ब्रेक दाबलास, उतारावर पाय काढलास, की मोटरच जनरेटरसारखी वीज तयार करते आणि ती त्या तांब्यात जाते, पुढच्या सिग्नलला तीच वापरून गाडी हलते. त्याला कुठंच प्लग लावायला लागत नाही. टोयोटानं 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये ही गाडी काढली तेव्हापासून मूळ गंमत हीच आहे. घागरीचं तसं नाही. ब्रेकमधून तिच्यात पण थोडं येतं, पण ती भरायची म्हणजे भिंतीतल्या सॉकेटातूनच भरायची, रोज.

आणि तुझ्याकडं भिंत कुठाय? तिसऱ्या मजल्यावर अपार्टमेंट, खाली उघडं पार्किंग, त्यात पण आज ही जागा उद्या ती. हेच मला सगळ्यात आधी विचारायचं होतं पण फोनवर राहून गेलं. गाडी रात्री कुठं उभी राहते आणि तिथं तुझ्या हक्काचा प्लग आहे का, बाकी सगळं नंतर.

तुला 2016 आठवत असेल. मिरजेहून रेल्वेनी पाणी आलं होतं लातूरला, तू तेव्हा बारावीला होतास. त्या वर्षी आपल्या गल्लीत किती जणांनी गच्चीवर दोन-दोन हजार लिटरच्या टाक्या चढवल्या, आणि त्या टाक्या नुसत्या उन्हात तापत राहिल्या कारण नळालाच पाणी नव्हतं. खालच्या काकू दोन घागरी डोक्यावर आणायच्या आणि त्यांचंच घर जास्त नीट चाललं. मला ते अजून डोळ्यापुढं आहे. मोठी टाकी वाईट नसते रे, पण नळ कुठाय ते आधी बघायचं असतं.

राजूमामाचं तर तुला माहितीच आहे. पुण्यात त्यानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा सोसायटीवाले म्हणले दोन महिन्यात पार्किंगमध्ये पॉइंट काढून देतो. त्या भरवशावर घेतली. दोन महिन्याचे चौदा महिने झाले, मधल्या काळात बाल्कनीतून वायर खाली सोडली तर खालच्या मजल्यावरच्यांनी भांडण काढलं, आणि ते बरोबरच होतं, पावसाळ्यात अशी लोंबती वायर म्हणजे जिवाशी खेळ आहे, मी स्वतः त्याला फोन करून ती काढायला लावली. शेवटी बिचारा रोज ऑफिसात पॉइंट रिकामा मिळतो का बघत फिरायचा. तुझ्या कॉम्प्लेक्सच्या ऑफिसवाल्या बाई पण म्हणल्या ना तुला की चार्जिंग येणार आहे. येऊ दे आधी. येणार म्हणलेल्या गोष्टीवर पाच हजार डॉलर लावू नको. साध्या गाडीत आणि प्लग-इनमध्ये तेवढा फरक आहे म्हणलास ना तू.

आता रोज चार्ज झालीच नाही तर काय होतं ते सांगते. प्लग-इनचं वजन साध्या गाडीपेक्षा दीडशे किलोच्या आसपास जास्त आहे, म्हणजे दोन माणसं कायम मागं बसवून फिरल्यासारखं. नुसत्या पेट्रोलवर चालवलीस तर तिचं अ‍ॅव्हरेज गॅलनला 52 मैल आणि साधीचं 57. आपल्या भाषेत 22 आणि 24 किलोमीटर लिटरला. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी अ‍ॅव्हरेज. युरोपात हेच झालं, तिथल्या युरोपियन कमिशनने 2021 साली रजिस्टर झालेल्या गाड्यांच्या आतल्या मीटरचे आकडे 2024 मध्ये काढले तर प्लग-इन गाड्यांचा खरा धूर कागदावरच्यापेक्षा साडेतीन पट निघाला, आणि मोठं कारण हेच की लोक ठरवल्याएवढं चार्जच करत नाहीत. लोक वाईट आहेत असं नाही, रात्री दमून आल्यावर लेकरू कडेवर, हातात पिशव्या, बाहेर बर्फ, कोण जाणार दुकानापुढच्या चार्जरला गाडी लावून चालत परत यायला. आणि ही गाडी तिथं फास्ट चार्जिंग घेतच नाही, 240 व्होल्टच्या पॉइंटवर पण चार तास लागतात, घरच्या साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर अकरा. तू म्हणलास दुकानापुढच्या चार्जरला युनिटमागं 40 सेंट घेतात. या गाडीला 100 मैलाला साधारण 27 युनिट लागतात, म्हणजे 10 डॉलर 80 सेंट. साधी प्रियस तेवढंच अंतर साडेपाच डॉलरच्या पेट्रोलमध्ये जाते. विजेवर चालवून दुप्पट खर्च, सांग बरं.

बरं, समज घर घेतलंस, गॅरेज आलं, प्लग आला. तरी मी हिशोब मांडला आणि मलाच नवल वाटलं. तुझं ऑफिस एका बाजूनं 14 मैल, जाऊन येऊन 28. प्लग-इन एका चार्जिंगमध्ये 44 मैल जाते, म्हणजे 70 किलोमीटर, आपल्या इथून औशाला दीड चक्कर होऊन वर थोडं उरेल. म्हणजे ऑफिसपुरतं पेट्रोल लागणारच नाही, हे खरंच चांगलं आहे, उगं नाव कशाला ठेवू. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर 7,000 मैल झाले. त्याला वीज लागली 1,890 युनिट, तुझ्या बिलावर 17 सेंटचा दर आहे, म्हणजे 321 डॉलर. तेच 7,000 मैल साध्या प्रियसनं गेलास तर 123 गॅलन पेट्रोल, 3 डॉलर 10 सेंटच्या भावानं 381. फरक किती? वर्षाला 60 डॉलर. आणि तुमच्या ओहायोत गाडीच्या रजिस्ट्रेशनला हायब्रिडवर 100 डॉलर जास्तीची फी आहे आणि प्लग-इनवर 150, मग त्यातले 50 तिथंच गेले. राहिले 10. दहा डॉलरसाठी पाच हजार!

मी दोनदा तपासलं, पप्पांना पण कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं. कुठं चुकलं नाही. झालंय असं की तुझी आत्ताची जुनी गाडी गॅलनला 28 मैल देते, तिला याच अंतराला 250 गॅलन लागतात, म्हणजे 775 डॉलर. साध्या हायब्रिडवर आलास की लगेच पेट्रोलचे जवळपास 400 डॉलर वाचले. साय तर तिनंच काढून घेतली, आता खाली राहिलेल्या दुधात प्लग-इनला लोणी किती निघणार? जिथं वीज स्वस्त आणि पेट्रोल महाग तिथं हिशोब वेगळा होईल, उलट जिथं युनिटला 35-40 सेंट आहेत तिथं घरच्या प्लगवर पण तोटा होईल. म्हणून कोण दुसऱ्या राज्यातला मित्र सांगतोय त्यावर जाऊ नको, तुझं बिल आणि तुझा पंप बघ. आणि शोरूमवाला सरकारी टॅक्स सुटीचं नाव काढत असेल तर ती 30 सप्टेंबर 2025 लाच बंद झाली आहे.

थंडीचं पण बघ बाळा. तुमच्याकडं जानेवारीत जे होतं ते फोटोत बघूनच मला हुडहुडी भरते. एवढ्या गारठ्यात बॅटरीवरचं अंतर कमी होतं, आणि गाडी गरम करायला इंजिन चालू होऊ शकतं, मग ते 44 मैल 44 राहत नाहीत. दुसरं म्हणजे साधी प्रियस चारही चाकाला जोर देणारी मिळते, प्लग-इनमध्ये तो प्रकारच नाही. त्या चारचाकीवालीचं अ‍ॅव्हरेज थोडं कमी आहे, 54, पण प्राजू पिल्लूला घेऊन डेकेअरला जाते ना त्या चढाच्या रस्त्यानं, मागच्या वर्षी गाडी घसरली होती तिची, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. वाचलेल्या पैशातले काही तिकडं घाल असं माझं म्हणणं आहे. इथं पैसे वाचवू नको.

प्लग-इनची चांगली बाजू पण लिहिते, नाहीतर तू म्हणशील आईनं एकच बाजू लावून धरली. ती जास्त ताकदीची आहे, 220 हॉर्सपॉवर, साधी 194. विजेवर चालली की आवाज नाही, धूर नाही, गल्लीतल्या लेकरांच्या नाकात काही जात नाही, आणि हे मला खरंच पटतं, पैशाच्या पलीकडची गोष्ट आहे ती. तुझ्या छतावर उद्या सोलर आलं तर अजून छान. तू घर घेतल्यावर हेच मनात असेल तर मी स्वतः म्हणेन घे. काकांनी इथं हायब्रिड घेतलीय ना, गंजगोलाईतल्या गर्दीत ती अशी गुपचूप सरकते की मला भीती वाटते पुढच्या माणसाला कळणार नाही, पण औसा रोडला 90 च्या स्पीडला लागली की इंजिन चालूच असतं. म्हणजे तुमचं शिकागोला जाणं-येणं ज्या दिवशी असेल त्या दिवशी पहिले 44 मैल सोडले तर दोन्ही गाड्या पेट्रोलच पिणार, प्लग-इन उलट थोडं जास्त, हे पण धर.

सासऱ्यांनी तुला सांगितलं ना की हायब्रिडची बॅटरी पाच वर्षात जाते आणि मग लाखाचा खड्डा. तसं नाही रे. अमेरिकेत टोयोटा हायब्रिड बॅटरीला 10 वर्षं किंवा 1,50,000 मैल, जे आधी होईल ते, एवढी वॉरंटी देते, दोन्ही गाड्यांना. त्यांना शांतपणे समजावून सांग, वाद घालू नको, ते काळजीनंच बोलतात.

आपल्याकडं पण वारं याच दिशेनं वळायलंय. 31 जुलै 2024 ला टोयोटाचा महाराष्ट्र सरकारशी करार झाला, छत्रपती संभाजीनगरला हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना काढायचा, 20,000 कोटीचा. पप्पांनी तो पेपर कपाटात ठेवलाय, कोण आलं की दाखवतात. मराठवाड्यातली पोरं पुण्या-मुंबईला न जाता इथंच कामाला लागली तर किती बरं होईल, आपल्या गल्लीतलीच चार पोरं आयटीआय करून घरी बसलीत. ते जाऊ दे, विषय लांबला.

तर माझं म्हणणं, जोपर्यंत अपार्टमेंट आहे तोपर्यंत साधी हायब्रिड घे, जमलं तर चारही चाकावाली. राहिलेले पैसे घराच्या डाऊन पेमेंटला बाजूला टाक, त्याला हात लावू नको. प्राजूला विचारल्याशिवाय बुक करू नको, गाडी जास्त वेळ तीच चालवणार आहे.

शनिवारी गाडी बघायला जाशील तेव्हा व्हिडिओ कॉल लाव. मागच्या सीटवर तू स्वतः बसून बघ, ही नवी प्रियस बसकी आहे म्हणतात, पप्पांचे गुडघे तुला माहितीच आहेत आणि जूनमध्ये आम्ही दोघं येणार आहोत. डिकी उघडून पिल्लूची ढकलगाडी आणि एक मोठी बॅग खरंच ठेवून बघ, तोंडी विचारू नको. पार्किंगचं कॉम्प्लेक्सवाल्यांकडून लेखी काय मिळतंय ते पण कळव.

येसर आणि शेंगाची चटणी पार्सल केलीय, काळं तिखट या वेळी वेगळ्या डब्यात आहे, डबा उलटा ठेवू नको.

तुझी,
आई