आधी बसायला तर मिळू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे पायाच्या शिरा फुगतात त्या दुखण्याचा, लेख वाचला. उभ्यानेच वाचला, दुपारी अडीचला गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा काउंटरवर पेपर पसरून. लेख चांगला आहे, डॉक्टरांचा मान राखूनच सांगते. पण "एकाच जागी जास्त वेळ उभं राहणं टाळा" हे मी मोठ्याने वाचलं तर बाजूची मुलगी एवढ्या जोरात हसली की शेठने गल्ल्यावरून मान वर केली. टाळा म्हणे. मी नौपाड्यात साडीच्या दुकानात अठरा वर्षं उभी आहे, सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ, लग्नसराईत विचारूच नका. पुढे लिहिलंय की पायावर पाय टाकून बसू नका. अहो आधी बसायला तर मिळू द्या, मग पाय कुठे टाकायचा ते बघू.

मी लागले तेव्हा दुकानात गादी होती. पांढरी चादर, लोड, गिऱ्हाईक टेकून बसायचं आणि आम्हीपण समोर बसूनच घड्या उलगडायचो. मग रिनोव्हेशन झालं, एसी आला, काचेचे काउंटर आले, गादी गेली. तरी एक लाल प्लास्टिकचं स्टूल होतं, पैठणीच्या कपाटामागे, चौघींत एक, पाळीपाळीने दहा-दहा मिनिटं टेकायचो. गेल्या दिवाळीच्या आधी तेही गेलं. विचारलं तर म्हणे गिऱ्हाईक आत आल्यावर सेल्सगर्ल बसलेली दिसली की इम्प्रेशन बरं पडत नाही. स्टूल आता वर गोडाऊनमध्ये आहे, त्यावर टेबलफॅन ठेवलाय. पंख्याला बसायला मिळतं, आम्हाला नाही.

माझ्या डाव्या पोटरीवर धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा पहिल्यांदा निळी शीर दिसली, आईलाही होतं म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. मग संध्याकाळी पाय जड व्हायला लागले, रात्री गोळे, घोट्याजवळ खाज आणि कातडी काळपट, तेव्हा गेले एकदाची. डॉक्टरांनी डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी, करायला लावलं आणि चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं, की पायातलं रक्त वर ढकलायला पोटरीचा स्नायू पंपासारखा दाबतो आणि शिरेतल्या झडपा ते खाली परत येऊ देत नाहीत. चालताना पंप चालू, नुसतं उभं राहिलं की बंद. मग रक्त साचतं, शीर ताणली जाते, झडपा नीट मिटत नाहीत. आमचा पंप दिवसाचे अकरा तास बंद. आमच्यातल्या एकीला घोट्याच्या आतल्या बाजूला जखम झाली ती सात महिने भरली नाही, तुमच्या लेखात हे अर्ध्या ओळीत उरकलंय.

आणि घट्ट स्टॉकिंग्ज घाला एवढंच लिहून कसं चालेल? ते घोटा-पोटरी मोजून मापाचे घ्यावे लागतात, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पायाला सूज यायच्या आत चढवावे लागतात, दुपारी चढवायचे म्हटलं तर दोन माणसं लागतील. मे महिन्यात एसी बंद पडला की आत काय होतं ते घालणाऱ्यालाच माहीत. आणि माझी जोडी सहा महिन्यांत सैल पडली, परत पैसे. टाचा वरखाली करायचं तेवढं मला जमलंय, साडीच्या आत कोणाला दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं यात राणी कलर दाखवा, मी वर राणी कलर दाखवते आणि खाली टाचा उचलते, वीस वेळा.

केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका ह्याच बसण्यासाठी भांडल्या, २०१८ मध्ये तिथल्या सरकारला कायदा बदलावा लागला. तामिळनाडूनेही २०२१ मध्ये दुकानात बसायची सोय सक्तीची केली. त्यावर लिहा की पानभर. कालच्या लेखात समुद्रकिनारी अनवाणी चालणाऱ्या परदेशी बाईचा फोटो होता, तिच्या पायावर एक शीर नाही. ती कशाला वाचेल तुमचा लेख?

विषय निघालाच आहे तर अजून एक. रात्री सुटल्यावर बसस्टॉपवर तरी टेकावं तर तिथे बाक काढून तिरका स्टीलचा पाइप लावलाय, त्यावर ना बसता येतं ना टेकता येतं, घसरायला होतं. मागे बिल्डरची जाहिरात मात्र लाइट लावून, त्यात आख्खं कुटुंब सोफ्यावर बसलंय.

माझं नाव छापू नका. दुकानात तुमचाच पेपर येतो आणि शेठ आधी वाचकांची पत्रंच वाचतात. जागा कमी पडली तर बाकी काहीही कापा, स्टुलाचं ठेवा.

एक वाचक, कळवा