पियानोवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका,

नाव टाकू नकोस असं दोनदा बजावलंत म्हणून नुसतं काका.

जुलैत तुम्ही सदाशिव पेठेत आमच्या घरी आलात तेव्हा पियानोच्या सात-आठ पट्ट्या दाबल्या की खालीच बसत होत्या, वर यायचं नाव नाही, आणि तुमच्या आधी आलेला एकजण 'भंगारात द्या, डिजिटल घ्या' असं सांगून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला होता. तुम्ही पाच मिनिटं नुसत्या पट्ट्या दाबत बसलात आणि म्हणालात, हवा दमट आहे, लाकूड आणि फेल्ट (आतलं जाड लोकरी कापड) फुगलंय, बाकी काही नाही. मग एकेक पट्टी बाहेर काढून पिन जिथे जाते तिथलं फेल्ट पकडीने हळूच दाबलंत आणि झालं की! मी तारा गुंडाळलेल्या खुंट्यांवर मारायला तेलाचा स्प्रे आणून ठेवला होता तो बघून मात्र जे ओरडलात ना, बाप रे. तेल लाकडात मुरलं की खुंटी तार धरत नाही, हे मला कुठे माहीत.

आणि ट्यूनिंगला चक्क नाही म्हणालात. पावसात साउंडबोर्ड (तारांमागची मोठी लाकडी फळी) फुगतो, सूर चढतात, आत्ता लावला तर हवा कोरडी झाली की परत उतरेल, कशाला पैसे घालवतेस, दिवाळीनंतर फोन कर. हातात आलेलं काम असं कोण सोडतं हो?

नोव्हेंबरात आलात. आई कधीपासून म्हणत होती की ह्याची पांढरी सहा माझ्या पेटीच्या काळी चारवर, म्हणजे लगेच खालच्या सुरावर, बोलते, आम्ही हसण्यावारी नेलं होतं. तुम्ही 440 चा फोर्क (पांढरी सहाचा नेमका सूर देणारा धातूचा चिमटा) वाजवून बघितलात आणि म्हणालात, बाईंचा कान बरोबर आहे, अख्खा पियानो अर्धा सूर खाली आहे. त्या दिवसापासून ती तुमच्या पार्टीत. मग दोनशेच्या वर तारा आधी ढोबळ वर ओढल्यात, कारण एकीकडे ताण दिला की दुसरीकडे उतरतं, आणि पंधरा दिवसांनी परत येऊन बारीक लावलंत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, गुडघा दुखत असताना.

सगळ्यात जास्त थँक्यू मात्र त्या लाटांसाठी. एका सुराच्या तीन तारा, मध्ये पाचर अडकवून दोनच वाजवल्यात की वॉव-वॉव-वॉव ऐकू यायचं, तुम्ही खुंटी केसभर फिरवलीत की ते मंद, अजून मंद, आणि मग एकदम सरळ सूर. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, म्हणाली अगं, तंबोऱ्याची जोडी लावताना मी हेच तर ऐकते! पुढचा अर्धा तास तुम्ही दोघं बोलत होतात आणि तुमचा चहा गार झाला.

एप्रिलात येताय ना? खालची एक तार जरा खणखणतेय. आणि आई विचारतेय की पेटीचा भाता गळतोय तो तुम्ही बघता का, मी नको म्हणतेय पण ती ऐकत नाहीये.